एकशे बेचाळीस घरांचा मालक

माझे साडू अरविंदराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझी एवढी एकच तक्रार आहे.

माणूस थोडा तरी वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं हो! आम्ही दोघं एकाच वर्षी आखातात आलो. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत लेबर कॅम्पचा ॲडमिन म्हणून लागलो, ते दुबईत एका तेलकंपनीत. मी अजमानला वन बेडरूम घेतलं, त्यांनी दुबईला टू बेडरूम. मी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा त्यांनी नवीकोरी घेतली, आणि वर मलाच म्हणतात, "प्रभाकरराव, मजबुती मात्र तुमच्याच गाडीला!" आता ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यात आमची सुनंदा. (सुनंदा म्हणजे माझी बायको. अरविंदरावांच्या मालतीताईंची धाकटी बहीण. म्हणजे तुलनेची सोय घरातच.) दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवून परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की हिचं सुरू. "भावोजींनी पडदे बघा कसे लावलेत. भावोजी बघा कसे हळू बोलतात. भावोजी बघा स्वतः चहा करतात." मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचो. चहा मीही करतो, फक्त कोणी बघायला नसतं!

एका डिसेंबरात त्यांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बघतो तर टीव्हीशेजारी अख्खं गाव वसलेलं! बिस्किटांच्या पुड्याएवढी चिनीमातीची घरं, प्रत्येकाच्या खिडकीत पिवळा दिवा, एक चर्च, एक बेकरी, तळ्यावर घसरणारी मुलं आणि सगळीकडे कापसाचा बर्फ. नाताळासाठी गोरे लोक घरात अशी गावं मांडतात म्हणे. साहेबांनी अरविंदरावांना एक घर भेट दिलं, आणि ह्यांनी त्याला शेजार हवा म्हणून आणखी एकतीस आणली.

"एकेक घर दीडशे दिरहॅमचं," मालतीताई म्हणाल्या, आणि आपल्याला कळणार नाही म्हणून मोठ्याने भर घातली, "म्हणजे सतराशे रुपये!"

"अगं बाई!" सुनंदा त्या गावापुढे मांडी घालून बसली. आमची बारा वर्षांची केतकी तर पालथीच पडली. "डॅडी, व्हाय डोन्ट वी हॅव अ व्हिलेज?"

परतताना मी गाडीत म्हणालो, "घरात गणपती दीड दिवसाचा, आणि हे गाव दोन महिन्यांचं! वा रे भक्ती!"

"हेवा वाटतोय तुम्हाला," सुनंदा म्हणाली.

"हेवा? मला? छे!" असं म्हणालो आणि सिग्नल तोडता तोडता राहिलो. (वाटत होता. प्रचंड वाटत होता. त्या चर्चच्या घंटेसकट वाटत होता.)

पुढच्या शुक्रवारी कळलं की असल्या गावांच्या शौकिनांचं दुबईतल्या एका हॉटेलात संमेलन भरणार आहे. आता संमेलन म्हटलं की मराठी माणसाला अध्यक्ष, वाद आणि जेवण एवढंच आठवतं. पण इथे प्रत्येकजण आपापलं गाव घेऊन येणार, टेबलावर मांडणार आणि दुसऱ्यांची बघणार. अरविंदराव मांडणार होतेच.

"प्रभाकरराव, तुम्हीही या ना," ते त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले. "प्रेक्षक म्हणून. मांडणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना फॉर्म एकच आहे, फॅक्स करतो मी ऑफिसात."

प्रेक्षक म्हणून! चौदा वर्षं मी ह्या माणसाच्या संसाराचा प्रेक्षकच तर होतो.

फॅक्स आला तो नेमका माझ्या टेबलावर कॅम्पातल्या सव्वीस माणसांचे पासपोर्टचे आणि रजेचे फॉर्म पडलेले असताना. त्यातून फॅक्सच्या कागदावर वरचं शीर्षक पुसट झालेलं. पहिला रकाना नाव, दुसरा रकाना व्हिलेज. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आखातात पहिला प्रश्न गावाचाच असतो. पठाण टॅक्सीवाला असो की मल्याळी किराणावाला, "गांव किधर?" विचारल्याशिवाय कोणी सुटे पैसे परत देत नाही! शिवाय माझी नोकरीच ती. व्हिलेज, तालुका, डिस्ट्रिक्ट. हात आपोआप चालतो. लिहिलं: नांदरखोल, जिल्हा रत्नागिरी.

पुढचा प्रश्न: गावात घरं किती? इथे मी जरा थबकलो. पण दीडशे वर्षं राज्य केलेले लोक, त्यांची खानेसुमारीची खोड इतक्यात कशी जाणार? माझ्या कॅम्पात आमच्याच गावचा भिकाजी नावाचा फिटर होता. मीच लावला होता त्याला नोकरीला. त्याला फोन केला.

"भिकाजी, आपल्या गावात घरं किती रे?"

"वरची वाडी धरून एकशे बेचाळीस, सायब. का वो?"

"साहेबलोकांना हवंय."

"मंग पाण्याचं पन सांगा की त्यास्नी!"

सगळं प्रामाणिकपणे भरलं. गाव तुमच्याकडे कधीपासून? पणजोबांच्या आधीपासून. सर्वांत जुना नग कोणता? देऊळ, तीनशे वर्षं. दिवे लागतात का? लागतात, भरवसा नाही. तडे गेलेले, फुटलेले काही? पुष्कळ. विक्रीस काही? नाही, चुलतभावांशी वाद चालू आहे. ओरिजिनल बॉक्स आहे का? आखातात बॉक्स म्हणजे पोस्टाचा बॉक्स, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कंपनीचा नंबर लिहिला. वर कंपनीचा गोल शिक्का मारला (शिक्क्याशिवाय इथे कागदाला कागद म्हणत नाहीत), पाठवून दिला आणि खलास, विसरून गेलो.

तीन दिवसांनी उत्तर आलं. संमेलनाच्या प्रमुख मार्गारेटबाईंची सही. मी पहिल्या पानावरच्या पहिल्या चार ओळी वाचल्या आणि खुर्चीतून उठलो. मला मानाचं स्थान! हॉलच्या मधोमध चोवीस फुटी टेबल! अरविंदरावांना मिळालं होतं सहा फुटी, ते त्यांनीच सांगितलं होतं. पुढचं वाचायला धीर कोणाला? मी थेट फोन लावला.

"अरविंदराव, मला मधलं टेबल दिलंय हो त्यांनी. चोवीस फुटी."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"गावाबद्दल. एकशे बेचाळीस घरं आहेत ना माझ्या गावात."

पलीकडे शांतता. अहाहा! काय ती शांतता! चौदा वर्षांत अरविंदरावांना मी पहिल्यांदा निरुत्तर केलं होतं. बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला, "एकशे बेचाळीस? कधी बोलला नाहीत. ठेवता कुठे?"

"रत्नागिरी जिल्ह्यात."

"बापरे! म्हणजे गोडाऊनच असेल."

गोडाऊन? हा शब्द मला जरा खटकला. फोन ठेवून मी दुसरं पान वाचलं. 'आपली घरं चिनीमातीची की रेझिनची, ते कृपया कळवावे. टेबलाखाली चार प्लग दिले आहेत. आखातातल्या सर्वांत मोठ्या संग्रहाचे स्वागत करताना आम्हाला...' पुढची अक्षरं डोळ्यांपुढे नाचू लागली. बाईंना वाटलं होतं की मी नांदरखोल जमवलंय!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? ताबडतोब फोन करून चूक सांगितली असती. मी रिसीव्हर उचललासुद्धा! पण कानात अरविंदरावांची ती शांतता अजून घुमत होती. असली चीज आयुष्यात एकदाच मिळते. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि भिकाजीला बोलावून घेतलं.

भिकाजीचा लौकिक असा की कॅम्पातल्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच करायचा, पॅकिंगच्या थर्माकोलातून. मी त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला.

"सायब, आख्खा गाव करायचा?"

"एकशे बेचाळीस घरं. दोन शुक्रवार आहेत आपल्याकडे."

"जमंल. पन एक सांगतो. गाव करायचा तर खरा करायचा. चर्चबिर्च न्हाय जमायचं."

कॅम्पच्या मेसमध्ये काम सुरू झालं. थर्माकोलच्या भिंती, वर गेरूत कालवलेला भुसा म्हणजे जांभा दगड. वेल्डिंग रॉडच्या खोक्यांचा पन्हाळी पुठ्ठा लाल रंगवला की कौलं तयार! काथ्याचे माड. पॅनेलचे बारके दिवे वायरमनने घराघरांत बसवले आणि वर स्वतःच्या डोक्याने एक टायमर जोडला. "दर दहा मिनटानं वरच्या वाडीची लाइट जाईल," तो म्हणाला. "त्याबिगर खरं वाटत न्हाय." पंधरा-सोळा माणसं, सगळी आपापल्या कामात तरबेज. साताऱ्याचा एक वेल्डर दोन दिवस नुसता बघत होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझंबी एक घर टाका की."

"अरे, कोकणात साताऱ्याचं घर?"

"पाव्हना आलाय म्हना!"

मी मधूनमधून "हे इकडे घ्या, ते तिकडे सरकवा" असं सांगायचो. सगळे "व्हय सायब" म्हणायचे आणि मी चहाला गेलो की परत जागच्या जागी ठेवायचे. मी गावाला गेलो त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि भिकाजी दर दोन वर्षांनी जाऊन यायचा. पण साहेब मी होतो ना!

दुसऱ्या शुक्रवारी सुनंदाने मला रंगेहाथ पकडलं. कॅम्पात येऊन उभीच राहिली. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ती त्या गावाभोवती फिरली, पारावर बसलेला मुंगीएवढा माणूस तिने वाकून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, ह्याच्या खांद्यावर पंचा पण आहे! कोणी केलं हे?"

"माझ्या देखरेखीखाली..." मी घसा साफ केला.

"भिकाजीभाऊ, तुम्ही?" तिने मला ओलांडून विचारलं. त्या संध्याकाळी भिकाजी आमच्याकडे जेवायला होता. तिने त्याला तीनदा आमटी वाढली. मला एकदा.

संमेलनाचा दिवस उजाडला. कंपनीच्या पिकअपमधून नांदरखोल दुबईला निघालं. मागे भिकाजी इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर देऊळ घेऊन. हॉलमध्ये जिकडेतिकडे बर्फच बर्फ! बर्फातली घरं, बर्फातल्या घोडागाड्या, बर्फातले पोस्टमन. बाहेर उन्हाने गाड्यांचे टप तापलेले आणि आत तीस-चाळीस गावं गारठलेली. मधोमध चोवीस फुटांवर आमचं लालभडक नांदरखोल पसरलं. अरविंदरावांचं टेबल कोपऱ्यात, एसीच्या झोताखाली. त्यांचा बर्फ सारखा उडत होता, ते तो सारखा गोळा करत होते. परमेश्वर आहे!

"प्रभाकरराव," ते जवळ येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. "हे चिनीमातीचं नाही."

"चिनीमाती काय, पैसे टाकले की मिळते," मी म्हणालो. (हे वाक्य मी आठवडाभर घोकत होतो.)

गर्दी आमच्याच टेबलाशी जमली. मी छाती काढून माहिती देत होतो: ही विहीर, हे देऊळ, हा एस्टीचा थांबा. एक घर मात्र भिकाजीने भलतंच करून ठेवलं होतं. सगळ्या कौलारू घरांत एकच सिमेंटची स्लॅब आणि रंग गुलाबी! सकाळपासून मी तेच दाखवून लोकांना हसवत होतो. "एव्हरी व्हिलेज हॅज वन सच फूल! नो टेस्ट!" लोक हसायचे. भिकाजी काहीतरी बोलायला पुढे यायचा आणि मी त्याला हाताने मागे सारायचो.

इतक्यात वरच्या वाडीचे दिवे गेले. "ओ, नो!" मार्गारेटबाई धावत आल्या. "इज समथिंग ब्रोकन?"

"नो मॅडम," भिकाजी म्हणाला. "लोडशेडिंग!"

केतकीने त्याचा अर्थ समजावून सांगितला आणि बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग उठून त्यांनी विचारलं, हे बनवलं कोणी? मी तोंड उघडेपर्यंत सुनंदाने बोट दाखवलं, "भिकाजीभाऊंनी."

झालं! सगळा हॉल भिकाजीकडे वळला. बाईंनी त्याचा हात हातात घेतला. एका गोऱ्या म्हाताऱ्याने त्याला कौलं कशी केली विचारलं. आणि अरविंदराव! अरविंदराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भिकाजी, खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो हो."

भिकाजीचा! चौदा वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी झुरलो, ते त्यांनी माझ्या फिटरला देऊन टाकलं. तेही हसत हसत, माझ्यासमोर! सकाळी एकाच माणसावर जळत होतो, दुपारी दोघांवर जळायला लागलो.

मी गर्दीत घुसलो. "बट मॅडम," मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "इट इज माय व्हिलेज! माय ग्रँडफादर्स व्हिलेज!"

"हाऊ वंडरफुल!" बाई आनंदल्या. त्यांनी फोटोग्राफरला हाक मारली. सुनंदा, केतकी, अरविंदराव, मालतीताई, सगळे टेबलाभोवती उभे राहिले. "अँड विच वन इज युवर हाऊस?"

मी नांदरखोलकडे पाहिलं. एकशे बेचाळीस घरं. आमच्या घराला कौलं होती हे मला पक्कं आठवत होतं. पण कौलं तर सगळ्यांनाच होती! विहिरीच्या डावीकडे की उजवीकडे? पिंपळ आमच्या दारात होता की शेजाऱ्यांच्या? सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. अरविंदराव तर चष्मा पुसून बघत होते. मग मला देवळामागे एक ऐसपैस जागा दिसली. चारी बाजूंनी दगडी गडगा, पुढे भक्कम लाकडी फाटक. आमच्या घराण्याला शोभेल अशी तेवढी एकच वास्तू होती.

मी बोट ठेवलं. मान ताठ केली. "धिस! अवर ॲन्सेस्ट्रल होम. आय वॉज बॉर्न हिअर."

फ्लॅश उडाला.

"सायब," भिकाजी हळूच म्हणाला, "त्यो कोंडवाडा हाय."

"काय?"

"गावचा कोंडवाडा. मोकाट गुरं डांबत्यात त्यो."

"व्हॉट डिड ही से?" बाईंनी विचारलं. मी केतकीकडे डोळे वटारले. पण पोरीचं मराठी नेमकं त्याच दिवशी चांगलं झालं होतं!

"ही सेज इट्स अ जेल फॉर काऊज," ती म्हणाली. "डॅडी वॉज बॉर्न देअर."

मालतीताई तोंडाला पदर लावून खाली बसल्या. सुनंदाने भिंतीकडे तोंड केलं, पण खांदे गदगदत होते.

"मग माझं घर कुठाय?" मी दातओठ खात विचारलं.

भिकाजीने डोकं खाजवलं. "ह्ये न्हाय का, गुलाबी. तुमच्या चुलतभावानं स्लॅब टाकला, चार वर्सं झाली. मी सकाळधरनं सांगतोय, तुमी ऐकता कुठं!"

अरविंदराव मात्र हसले नाहीत. सज्जन माणूस! त्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "प्रभाकरराव, मनाला लावून घेऊ नका. जागा मात्र मोठी होती हो!"

संमेलनाच्या पत्रिकेत तो फोटो छापून आला. मी छाती काढलेला, बोट कोंडवाड्यावर, खाली लिहिलेलं, 'श्रीयुत प्रभाकर आपल्या वडिलोपार्जित निवासस्थानी.' अरविंदरावांनी त्याच्या दोन प्रती मागवल्या. एक फ्रेम करून आम्हाला दिली. सुनंदाने ती हॉलमध्ये लावली. तिथून ती काढायचा विषय मी दोनदा काढला आणि दोनदा मागे घेतला.

शेवटी त्या मे महिन्यात रजा टाकली आणि बायकोमुलीला घेऊन सतरा वर्षांनी गावाला गेलो. एस्टीतून उतरलो तर रस्ता नवा, दुकानं नवी, माणसं अनोळखी. "अहो, आता तरी घर ओळखाल ना?" सुनंदाने विचारलं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, काही उमगेना. मग देवळामागे नजर गेली आणि जीव भांड्यात पडला. अख्ख्या नांदरखोलात न विचारता बरोब्बर ओळखता आली अशी एक तरी वास्तू निघाली, आणि तिच्या फाटकातून एक म्हैस माझ्याकडे अगदी घरच्यासारखी बघत होती.